बिनइमारतीचं कॉलेज

मगदूम सर वर्गात आले की पहिल्यांदा खडू मोडत. सबंध खडू हातात घ्यायचा, दोन्ही बाजूंनी न्याहाळायचा आणि टचकन दोन तुकडे करायचे. "हा इंग्लंडचा, हा अमेरिकेचा," असं म्हणून फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढायची, की तुलनात्मक शासनपद्धतीचा तास सुरू. मोठा तुकडा दर वेळी अमेरिकेच्या वाट्याला जायचा. मागच्या बाकावरच्या एका कार्ट्यानं एकदा विचारलं, "सर, भारताचा खडू कुठाय?" सर म्हणाले, "आपण इंग्लंडच्याच खडूनं लिहितो बाबा. म्हणून तर अक्षर असं येतंय."

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही दोघे नोकरीला होतो. ते राज्यशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी, म्हणजे कोणालाच त्रास न देणारा विषय. माणूस उंच, काटकुळा. अंगात उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट, आणि त्या कोटाच्या बाह्या कायम दोन बोटं आखूड. पूर्ण नाव आदगोंडा मगदूम. कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचं घर. थोरले भाऊ ऊस करत आणि धाकट्यानं पुस्तकं वाचावीत असं त्या घरात एकदा ठरलं होतं. ते इतकं पक्कं ठरलं होतं, की मळ्यात गेल्यावर सरांच्या हातात कोणी खुरपंसुद्धा देत नसे. "मी आमच्या घरातला राष्ट्रपती," ते म्हणत. "मान मोठा, आणि सही सोडली तर काम नाही."

राज्यघटना हा विषय पुस्तकातून शिकवायचा नसतो, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या घटना एका लग्नघरात सापडतात. पंतप्रधान म्हणजे घरजावई. राहायचं सासऱ्याच्या घरात, खायचं सासऱ्याचं, आणि सासरच्या मंडळींची मर्जी फिरली की त्याच दिवशी वळकटी उचलायची. उलट अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे वेगळं बिऱ्हाड केलेला थोरला मुलगा. आईबाप कितीही चिडले तरी चार वर्षं त्याला घराबाहेर काढता येत नाही. मात्र जोंधळ्याचं पोतं लागलं की तो त्यांच्याच दारात उभा. "मग ते देत नाहीत," सर डोळे मिचकावून सांगत, "आणि हा बायकोला सांगतो, बघ, माझ्या आईबापांनी मला कधी काही करू दिलं नाही. ह्याला सत्ताविभाजन म्हणतात." परीक्षेत पोरं खरोखरच घरजावई लिहून यायची. बाहेरगावच्या परीक्षकांनी विद्यापीठाकडे तक्रार केली, तर सरांनी उलट कळवलं, की उत्तर बरोबर आहे, परीक्षकांचं लग्न झालंय का तेवढं विचारा.

मी मूळचा साताऱ्याचा, म्हणून ते मला नावानं न बोलावता 'सातारकर' म्हणत. स्टाफरूममध्ये चहा आला की माझ्या गावाचा उद्धार ठरलेला. "सातारकर, संसदीय पद्धत इंग्रजांनी आणली असं लोक उगीच म्हणतात. ती तुमच्या साताऱ्यात आधीच होती. छत्रपती साताऱ्याला, कारभार पुण्याला. गादी एकीकडं आणि तिजोरी दुसरीकडं. इंग्रजानं फक्त इस्त्री केली." मी म्हणायचो, "आणि तुमची सांगली हो?" त्यावर ते शांतपणे बशी खाली ठेवत. "सांगली ना सातारा ना पुणे. इथं हळद आणि गूळ. जो येईल त्याला हळद लावायची आणि तोंडात गूळ द्यायचा."

त्यांचं घड्याळ म्हणजे सूर्य. दिवस मावळल्यावर त्यांनी आयुष्यात अन्नाला हात लावला नाही. कांदा-लसूण-बटाटा तर नाहीच. संध्याकाळच्या सभेत एखादा वक्ता रंगात आला, की सर खिडकीतून आधी उन्हाकडे बघत, मग वक्त्याकडे, मग पुन्हा उन्हाकडे. ऊन भिंतीच्या एका ठरावीक विटेपर्यंत चढलं की ते सरळ उठून जात. प्राचार्य त्याला बेशिस्त म्हणायचे. सर म्हणायचे, "ह्याला मुदत म्हणतात. अमेरिकेत ठरलेल्या दिवशी निवडणूक होते म्हणजे होतेच, कोण का बोलत असेना."

ह्या मुदतीच्या माणसावर प्राचार्यांनी एका वर्षी जिमखान्याच्या निवडणुकीचं काम सोपवलं. त्या काळी आमच्याकडे प्रत्येक वर्ग एक प्रतिनिधी निवडायचा, त्याला सी. आर. म्हणायचे, आणि हे सगळे सी. आर. मिळून जनरल सेक्रेटरी निवडायचे. वर्गातली निवडणूक कधीच चुरशीची नसे. खरी मजा त्यानंतर. निवडून आलेले सी. आर. त्याच संध्याकाळी गायब होत. उमेदवार त्यांना ट्रकात घालून पन्हाळ्याला, नाहीतर महाबळेश्वरला नेत. तिथं चार दिवस खायला-प्यायला घालत आणि मतदानाच्या दिवशी मोजून खाली उतरवत. ह्याला 'सी. आर. उचलणे' म्हणत, आणि पोरांचे बापसुद्धा पोरगं उचललं गेलं की गावात कौतुकानं सांगत. मुलींना मात्र उचलता येत नसे. त्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागे. लोकशाहीचा तेवढाच काय तो भाग शिल्लक होता.

त्या वर्षी कुंडलकडचा एक पैलवान गडी उभा होता. त्यानं सगळे पुरुष सी. आर. एका दमात उचलले आणि पन्हाळ्यावर नेऊन ठेवले. पण खाली आणले तर विरोधक स्टँडवरच पळवतील ह्या भीतीनं तो त्यांना उतरवेना. मतदानाचा दिवस उजाडला, हॉलमध्ये सर, पेटी आणि चार मुली. सरांनी अर्धा तास वाट पाहिली. मग मुलींची मतं घेतली, पेटीला लाखेचं सील केलं, पेटी काखेत मारली आणि एस. टी.नं पन्हाळा गाठला. सोबत मी होतो. लॉजच्या पडवीत पैलवानानं सरांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"सर, तुमी कशाला तरास घेतला?"

"अरे, मतदार पेटीकडं येत नसतील तर पेटीनं मतदाराकडं जावं. लग्नात आजारी म्हातारीला ताट घरपोच पाठवतोच की."

लॉजच्या न्हाणीघरात एकेका सी. आर.ला आत सोडून, दार लोटून, सरांनी मतदान घेतलं. आम्ही परत आलो, मतं मोजली, आणि पैलवान थोडक्यात पडला. दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी. "सर, चार दीस माजं मटान खाल्लं हो त्यांनी!" जन्मात मटणाच्या वाऱ्याला न गेलेल्या मगदूम सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गड्या, मटण खुलं असतंय. मतदान गुप्त असतंय."

मग त्याला खाली बसवून त्यांनी अमेरिका सांगितली. तिथंही लोक थेट अध्यक्ष निवडत नाहीत, आधी निवडक माणसं निवडतात, मग ती माणसं अध्यक्षाला मत देतात. ह्या निवडक माणसांना मिळून 'इलेक्टोरल कॉलेज' म्हणतात. पण घटना करणारे हुशार. ही माणसं एका जागी जमली की कोणीतरी दमदाटी करील, लाच देईल, म्हणून त्यांनी आधीच ठरवलं, की ज्यानं त्यानं आपापल्या राज्यात बसून मत द्यायचं. "त्यांना पन्हाळा ठाऊक नव्हता," सर हळहळून म्हणाले, "तरी अंदाज बघ किती बरोबर."

हे इलेक्टोरल कॉलेज म्हणजे सरांच्या आयुष्यातली एकमेव चैन होती. लोक दारू पितात, पत्ते खेळतात. हे अमेरिकेच्या राज्यांची मतं पाठ करत. कोणत्या राज्याची किती, कोणतं इकडचं, कोणतं तिकडचं, कोणतं आमच्या पैलवानाच्या सी. आर.सारखं. साऱ्या देशात मतं जास्त पडूनही माणूस हरू शकतो, ह्या गोष्टीवर ते इतके खूष होते की जणू ती त्यांनीच लावलेली कळ होती. एकदा तरी ती निवडणूक डोळ्यांनी बघायची, एवढीच त्यांची इच्छा. दुसरी इच्छा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

आणि शहात्तर साली ती पुरी व्हायची वेळ आली. तिकडच्या कुठल्याशा संस्थेनं काही भारतीय प्राध्यापकांना निवडणूक बघायला बोलावलं, त्यात सरांचं नाव निघालं. जाण्यायेण्याचा खर्च तेच करणार होते. इकडे आणीबाणी होती. देशाची निवडणूक पुढं ढकललेली, आमच्या जिमखान्याचीही बंद. सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "आपल्या घरी सध्या मुहूर्त नाही. शेजारचं लग्न तरी बघून येतो." कोणीतरी घाईघाईनं दार लावून घेतलं. सर इतके आनंदात होते की त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांच्या घरी पद्मावती वहिनी, ज्यांना सगळे पद्माक्का म्हणत, बिनलसणाचा भडंग आणि कडक भाकऱ्या करून बघायच्या मागे लागल्या. नोव्हेंबरात वॉशिंग्टनला पाचलाच दिवस मावळतो असं सरांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे तिथले लोक दुपारच्या चहालाच जेवत्यात की. मग बरंच हाय."

प्रश्न फक्त रजेचा होता. रजा द्यायची ती आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे आबासाहेबांनी. आबासाहेब शिकले चौथीपर्यंत, पण शाळा-कॉलेजं काढण्याचं त्यांना विलक्षण वेड. कुंडलच्या पलीकडं, रस्त्यापासून आत त्यांचं गाव. मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत होती आणि संस्थेचा सगळा कारभार त्याच गादीवरून चाले. 'कॉलेज' हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढं वाळू, सिमेंट आणि आपल्या वडिलांच्या नावाची पाटी उभी राहायची. आम्ही दोघे गेलो तेव्हा ते लोडाला टेकून सुपारी कातरत होते.

"मगदूम, आवं एवढ्या लांब जाऊन बघायचं काय हाय?"

"तसं बरंच आहे, आबासाहेब. पण मुख्य म्हणजे इलेक्टोरल कॉलेज."

आबासाहेब ताठ बसले. "कालेज? सरकारी का खाजगी?"

सर हसले. आबासाहेबांना चेहरा न हलवता थट्टा करायची सवय होती, ही त्यातलीच असं त्यांना वाटलं. "सरकारीच म्हणायचं. थेट घटनेनं मान्यता दिलीय."

"पोरं किती?"

"पाचशे अडतीस. पण पोरं कसली, चांगली पोक्त माणसं असतात."

"आन् मास्तर?"

"एकही नाही."

"इमारत?"

"इमारतच नाही, आबासाहेब. सगळे एका जागी कधी जमतच नाहीत. चार वर्षांतून एकदा आपापल्या राज्यात बसतात, सह्या करतात आणि घरी जातात."

आबासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "इमारत न्हाई. मास्तर न्हाई. पोरं फकस्त सही करायला येत्यात. आन् मान्यता घटनेची!" ते दिवाणजीकडं वळले. "बघ की रं जरा! आन् हितं आपल्या कालेजात त्यो तपासणीवाला मुताऱ्या मोजत बसतोय!" रजा जागच्या जागी मंजूर झाली. वर प्रत्येकाला गुळाचा खडा.

यार्डाबाहेर पडल्यावर मी म्हटलं, "सर, मला वाटतं आबासाहेब चेष्टा करत नव्हते."

"छे हो सातारकर. एवढा मुरलेला माणूस. मलाच खेळवत होता." आणि ते गूळ चघळत पुढं चालू लागले. पासपोर्ट आला. मळ्यातल्या भावानं नवा कोट शिवून दिला, त्याच्याही बाह्या आखूडच निघाल्या.

ऑक्टोबरात आबासाहेबांनी आपल्या गावी सरांचा सत्कार ठेवला. दुपारी चारचा कार्यक्रम. म्हणून पद्माक्कांनी डबा दिला नाही, सहापर्यंत घरी येऊन जेवता येईल असा हिशेब. आमच्याकडे चारचा कार्यक्रम चारला सुरू होतो असा समज अमेरिकेवर भक्ती असणाऱ्यालाच होऊ शकतो. पाच वाजून गेले तेव्हा आबासाहेब माइकपुढं आले. सारा गाव चावडीपुढं जमला होता, बायाबापड्या देवळाच्या ओट्यावर होत्या. आबासाहेब म्हणाले, "मंडळी, मगदूम सर अमेरिकेला निघाल्यात, ते काय मजा बघायला न्हाई. तिथं एक लय मोठं कालेज हाय. इलेक्टोरल कालेज. तसलंच कालेज येत्या जूनपास्नं आपल्या गावात काढायचं, आसं मी तुमास्नी जाहीर करतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या खुर्चीत सरांच्या हातातला नारळ गुडघ्यावरून घरंगळला. ते माझ्या कानाशी लागले. "सातारकर, हे खरंच कॉलेज समजले की हो!"

"मग समजू द्या. तुम्ही जाऊन या. आल्यावर सांगू, मान्यता मिळाली नाही. कॉलेजला मान्यता न मिळणं हे काय नवल आहे?"

सरांनी मान हलवली, आणि मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा उठला. कडक इस्त्रीची खाकी पँट, वर पांढरा फेटा. फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार. सरांच्या पुढं येऊन त्यानं पाय जुळवले आणि सॅल्यूट ठोकला. "सर, माळावरची माजी जिमीन मी ह्या कालेजाला देतो. उद्याच कागद करतो. माजी थोरली नात धावी पास झाली आन् घरात बसलीया. एस्टी कवा येती, कवा न्हाई. पोरगी कवा परत यील, ह्यो घोर. तिच्यासाटनं स्थळ बघाय लागल्यात घरची. तुमी कालेज आना, मी तिचं लगीन थांबवतो."

पुन्हा टाळ्या झाल्या. मी सरांकडं पाहिलं. ते देवळाच्या शिखराकडं बघत होते, तिथं ऊन अगदी टोकाला गेलं होतं. मला आधी वाटलं, जेवणाची वेळ टळली म्हणून बघतायत. मग ते उठले आणि माइकपाशी गेले, आणि वर्गात कधी न वापरलेल्या आपल्या गावच्या बोलीत बोलू लागले.

"सुभेदार, कागद करू नगासा. चूक माजी हाय. मी आबासाहेबांना नीट सांगितलंच न्हाई. ते कालेज न्हाई."

सर पुढं म्हणाले, "तुमी सरपंच कसा करता? आदी मेंबर निवडता, मग मेंबर बसून सरपंच करत्यात. व्हय का न्हाई? अमेरिकेत अध्यक्ष तसाच हुतो. त्या मेंबरांच्या घोळक्याला तिथं कालेज म्हंत्यात. तिथं वर्ग न्हाई, फळा न्हाई, कुनी काय शिकत न्हाई."

मागून एकानं विचारलं, "आन् मेंबर पळवत्यात का तिथं?"

"तशी रीत न्हाई."

"मग आमचंच कालेज बरं की, सर! गेल्या टायमाला आमचं कालेज आठ दीस गणपतीपुळ्याला गेलतं!"

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. ओट्यावरच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. ते मेंबर गणपतीपुळ्याला कोणी नेले होते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि तो माणूस व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसला होता. आबासाहेबही हसत होते. पण त्यांचे कान लालबुंद झाले होते.

फक्त सुभेदार हसला नाही. तो तसाच पाय जुळवून उभा होता. "म्हंजे कालेज येनार न्हाई?"

"हे न्हाई," सर म्हणाले.

"मग दुसरं?"

ज्या माणसाला जगातल्या प्रत्येक प्रश्नावर एक घरजावई सुचायचा, तो माणूस माइक धरून नुसता उभा राहिला. शेवटी म्हणाला, "बघतो." परतीच्या एस. टी.त ते उपाशीच होते. मी पेरू पुढं केला तर त्यांनी खिडकीबाहेरच्या अंधाराकडं बोट दाखवलं.

पुढच्या आठवड्यात अडतीवर बोलावणं आलं. आबासाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुपारी दिली आणि अगदी मायेनं विचारलं, "मगदूम, तिथं कालेजच न्हाई म्हनता, मग बघायला जाऊन करायचं काय?" ह्या प्रश्नाला ना इंग्लंडच्या घटनेत उत्तर आहे, ना अमेरिकेच्या. रजा रद्द झाली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि इतक्या वर्षांनी हे लिहिताना पुन्हा येतो आहे. सरांचाही आला. मी रस्त्यातच म्हटलं, "काय गरज होती? आठवडाभर गप्प बसला असता तर विमानात असता." त्यांनी कोटाची बाही खाली ओढायचा प्रयत्न केला, ती आली नाही. "सातारकर, म्हाताऱ्यानं सॅल्यूट मारला हो," ते म्हणाले. "मला आजवर कुणी सॅल्यूट मारला नव्हता."

अमेरिकेतली मतमोजणी आपल्याकडे सकाळी असते. त्या दिवशी सर रेडिओ घेऊन स्टाफरूममध्ये बसले, आणि घरघरणाऱ्या आवाजातून राज्य कळलं की भिंतीवरच्या नकाशावर टाचणी टोचत राहिले. प्राचार्य आत डोकावले आणि निघून गेले. निकाल लागला तेव्हा सरांनी रेडिओ बंद केला, टाचण्या काढून डबीत भरल्या आणि ते तासाला गेले. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी चहाच्या वेळी एक शब्द काढला नाही. सांगलीच्या गुळापासून साताऱ्याच्या गादीपर्यंत बाकी सगळ्यांचा उद्धार चालू राहिला, पण अमेरिका त्यातून वगळलेली.

आणि मग त्यांनी असं काही केलं, की मला वाटलं हा माणूस बिघडला. आयुष्यभर ज्या पद्धतीची चेष्टा केली, त्याच पद्धतीनं ते कामाला लागले. दहावी-बारावीची नवी पद्धत तेव्हा नुकतीच आली होती आणि हायस्कुलाला जोडून अकरावीचे वर्ग निघत होते. आबासाहेबांच्या गावात संस्थेचं दहावीपर्यंतचं हायस्कूल होतंच. सर संस्थेच्या एकेका संचालकाच्या घरी जाऊ लागले. माधवनगरच्या गिरणीवाल्याकडे गेले, हळदीच्या व्यापाऱ्याकडे गेले, एकाच्या मुलीच्या लग्नात स्वतः वाढपी झाले. "सातारकर, आबासाहेब म्हणजे अध्यक्ष नव्हेत, पंतप्रधान आहेत," ते मला म्हणाले. "संचालक फिरले की वळकटी. मला हे आधीच कसं दिसलं नाही?" संचालकांची बैठक भरली तेव्हा अकरावीच्या बाजूनं बहुमत झालं होतं. विरोध करावा तर गावापुढं जाहीर केलेलं आपलंच कॉलेज मोडायचं आणि बहुमतही हातचं जायचं, अशा पेचात सापडलेल्या आबासाहेबांनी मग स्वतःच ठराव मांडला. जागा सुभेदाराची, पत्रे संस्थेचे, पाटी अर्थातच आबासाहेबांच्या वडिलांच्या नावाची. गावात मात्र त्याला कोणी त्या नावानं ओळखत नाही. एस. टी.चा कंडक्टरसुद्धा 'अमेरिकेचं कालेज' असंच ओरडतो.

मधल्या काळात देशातही पुन्हा निवडणूक झाली. आमच्या जिमखान्याचीही सुरू झाली, आणि नवे सी. आर. नव्या ट्रकात बसून पन्हाळ्याला गेले. मला साताऱ्याला नोकरी मिळाली. निघण्याआधी निरोप घ्यायला म्हणून घरी गेलो तर पद्माक्का म्हणाल्या, "आज शनिवार न्हवं? ते अमेरिकेला गेल्यात." दर शनिवारी सर त्या गावी जाऊन अकरावीला फुकट नागरिकशास्त्र शिकवत. मी पुढची एस. टी. पकडली.

माळावर वारा सुटला होता आणि वर्गाचे पत्रे धडाडत होते, त्यामुळे सर ओरडून शिकवत होते. सुभेदार बाहेर एका दगडावर ताठ बसला होता. दर शनिवारी बसत असे, म्हणाला, आपल्यालाबी समजतंय. मी दाराशी उभा राहिलो. आत डाव्या बाजूला मुली होत्या, मला वाटल्या त्यापेक्षा खूप जास्त. पहिल्या बाकावरून एक उंच, दोन वेण्यांची मुलगी उठली. सुभेदाराचं नाक मी लगेच ओळखलं.

"सर, तुमी अमेरिकेला जानार हुता म्हनं. मग का गेला न्हाई?"

सरांनी दाराकडं पाहिलं. मला नव्हे. माझ्या पलीकडं, दगडावर बसलेल्या फेट्याकडं.

"जाणार होतो," ते म्हणाले. "सगळं ठरलं होतं. ऐन वेळी एक मत फुटलं."

"कुनाचं वो, सर?"

वारा एक क्षण पडला होता, म्हणून त्यांना ओरडावं लागलं नाही.

"माझंच."